थंड मोटारीतील स्वयंचलित गिअरबॉक्सचे दोष : निदानाची भाषा आणि पद्धती

मोटारीचा दोष सांगणारा मनुष्य बहुधा यंत्राचा जाणकार नसतो. आणि दोष दुरुस्त करणारा जाणकार, दोष प्रकट झाला त्या वेळी मोटारीत नसतो. सर्वच दुरुस्तीकामात ही अडचण थोडीबहुत असते. परंतु गाडी थंड असतानाच दिसणाऱ्या दोषाच्या बाबतीत ती विशेष तीव्र होते. घरापासून गॅरेजपर्यंतच्या प्रवासात गाडी गरम होते आणि दोष नाहीसा होतो. मिस्त्री गाडी चालवून पाहतो, त्याला ती निर्दोष वाटते. अशा वेळी गॅरेजमध्ये दोष पोहोचतच नाही. पोहोचते ते केवळ त्याचे वर्णन. ते वर्णन सैल असेल तर निदान चुकते, आणि स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बाबतीत चुकलेल्या निदानाची किंमत पुष्कळदा संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याइतकी मोठी असते. म्हणून हा विषय जितका यंत्रशास्त्राचा तितकाच भाषेचाही आहे, असे म्हणावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही अंगांचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

१. ‘थंड’ आणि ‘ऑटोमॅटिक’ ह्या शब्दांचे अर्थ

प्रथम ‘थंड’ ह्या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. बोलण्यात आपण हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. ‘आज थंडी आहे’ असे म्हणताना आपल्या मनात हवेचे तापमान असते. ‘इंजिन थंड आहे’ असे म्हणताना गाडी बराच वेळ बंद होती, एवढेच सांगावयाचे असते. गिअरबॉक्सच्या दृष्टीने दुसरा अर्थ महत्त्वाचा होय. चालत्या गाडीतील गिअरबॉक्सचे तेल साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पुण्यात जानेवारीच्या पहाटे हवा १० अंशांच्या आसपास असली, तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील तेलही तितकेच असते. कॅनडातील मॅनिटोबा किंवा अमेरिकेतील मिनेसोटा येथे ते शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरू शकते. दोन्ही गाड्या थंडच; फरक प्रमाणाचा आहे. ‘आपल्याकडे कोठे एवढी थंडी असते?’ हा युक्तिवाद म्हणून ग्राह्य नाही.

दुसरा शब्द ‘ऑटोमॅटिक’. भारतीय रस्त्यांवर ह्या एका शब्दाने आज निदान चार भिन्न यंत्रे ओळखली जातात. पहिले, टॉर्क कन्व्हर्टर व ग्रहीय दंतचक्रे असलेला पारंपरिक गिअरबॉक्स. दुसरे, दोन पुल्या व पट्टा असलेला सीव्हीटी. तिसरे, दोन क्लच असलेला डीसीटी. आणि चौथे एएमटी. हे चौथे यंत्र २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले. त्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. केवळ क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. म्हणून ‘माझी गाडी ऑटोमॅटिक आहे’ ह्या वाक्यावरून मिस्त्रीला अद्याप काहीच कळलेले नसते. पुढील विवेचन पहिल्या प्रकारापुरते आहे.

२. रचना

इंजिनाची शक्ती द्रवाच्या साहाय्याने चाकांकडे नेण्याची कल्पना जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याच्या १९०५ मधील पेटंटात आढळते. त्याचा हेतू जहाजांपुरता होता. मोटारीत पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आणला तो जनरल मोटर्सने. त्यांचा हायड्रा-मॅटिक १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी, बाजारात आला.

ह्या यंत्राचे मुख्य भाग पाच. इंजिनाला जोडलेला टॉर्क कन्व्हर्टर. इंजिनाबरोबरच फिरणारा तेलाचा पंप. अनेक मार्गिका व झडपा असलेला व्हॉल्व्ह बॉडी हा भाग. तेलाच्या दाबाने आवळले जाणारे क्लच. आणि ग्रहीय दंतचक्रे. चालकाने दांडी ‘डी’वर आणली की पंपाने निर्माण केलेला दाब व्हॉल्व्ह बॉडीतून योग्य त्या क्लचच्या दट्ट्यामागे जातो, दट्ट्या सरकतो, क्लचच्या चकत्या परस्परांवर आवळल्या जातात आणि शक्तीचा मार्ग पुरा होतो. दट्ट्याच्या कडेने तेल निसटू नये म्हणून तेथे रबराचे सील असते.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगण असते. येथे ते यंत्राचा कार्यकारी भाग असते. शक्ती वाहणे, क्लच दाबणे, वंगण पुरवणे आणि उष्णता वाहून नेणे ही चारही कामे तेच करते. म्हणून तापमानाने तेलात होणारा बदल हा यंत्राच्या वागणुकीतील बदल ठरतो.

हा बदल किती मोठा असतो? नेहमीच्या वापरातील अशा तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, १०० अंशांना सुमारे ६ ते ७.५ सेंटिस्टोक असते. ४० अंशांना ती ३० ते ३५ होते. आणि पुण्यातील १० अंशांच्या पहाटे ती १०० अंशांच्या मानाने दहापटीहून अधिक असते. डेक्सरॉन-३ ह्या प्रमाणकाने शून्याखाली ४० अंशांना २०,००० सेंटिपॉइजपर्यंत श्यानता चालवून घेतली होती. शिवाय तेलाचे आकारमानही बदलते. ८० अंशांच्या फरकाला ते सुमारे सहा टक्क्यांनी कमीजास्त होते. आठ लिटर तेल असेल तर हा फरक जवळजवळ अर्ध्या लिटरचा होतो. सायंकाळी पुरेसे असलेले तेल सकाळी अपुरे ठरण्याचे एक कारण हे आहे.

३. लक्षणे आणि त्यांची कारणे

थंड गाडीतील तक्रारी मुख्यतः चार वर्गांत बसतात.

पहिला वर्ग विलंबाचा. दांडी ‘डी’ किंवा ‘आर’वर आणल्यावर गिअर लागावयास वेळ लागतो. निरोगी गिअरबॉक्समध्ये हे काम साधारण एका सेकंदात होते. टोयोटाच्या अनेक दुरुस्ती-पुस्तिकांत तेल गरम असताना न्यूट्रलवरून ‘डी’साठी १.२ सेकंद आणि ‘आर’साठी १.५ सेकंद ही कमाल मर्यादा दिलेली आढळते. थंडीत याहून किंचित अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. परंतु तीन, चार किंवा अधिक सेकंद लागणे हा दोष होय. त्याची कारणे चार असू शकतात. रात्रभरात टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल खालच्या तबकात उतरलेले असते व ते पुन्हा भरावयास वेळ लागतो; किंवा मुळात तेलच कमी असते; किंवा सील वयोमानाने कडक झालेले असतात व तापल्याखेरीज नीट बसत नाहीत; किंवा तेलाची गाळणी तुंबलेली असते आणि घट्ट तेल तिच्यातून पुरेसे येत नाही.

ही कारणे एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात. कन्व्हर्टर रिकामा होत असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये मिनिटभर चालू ठेवल्यावर गिअर तत्काळ लागतो, जरी तेल अद्याप थंडच असते. सील कडक झाले असतील तर ह्या मिनिटभराने काहीच साधत नाही. तेल प्रत्यक्ष तापेपर्यंत विलंब राहतो, आणि पुष्कळदा तो एकाच गिअरपुरता असतो. तेल कमी असेल तर पंपाचा हुंकारासारखा आवाज येतो, आणि वळणावर किंवा चढावर दोष वाढतो. गाळणी तुंबली असेल तर तोच आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जातो.

दुसरा वर्ग घसरण्याचा. इंजिनाचा आवाज चढतो, परंतु गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. येथे क्लच पुरेशा दाबाने आवळला जात नाही. घसरणारा क्लच स्वतःला जाळतो, म्हणून ह्या तक्रारीत दिरंगाई परवडत नाही. तेल काळपट झाले असेल आणि त्याला जळकट वास येत असेल, तर चकत्यांचे अस्तर जळू लागले असे समजावे. तेल दुधट गुलाबी दिसत असेल तर रेडिएटरमधील पाणी त्यात मिसळले आहे, आणि गाडी पुढे चालवू नये.

तिसरा वर्ग धक्क्याचा. थंड इंजिन नेहमीपेक्षा वेगाने फिरते. ७०० ते ८०० फेऱ्यांऐवजी ते काही वेळ १,२०० किंवा त्याहून अधिक फेऱ्यांवर असते. अशा वेळी दांडी हलवली तर धक्का बसणारच. तो गिअरबॉक्सचा दोष नव्हे. फेऱ्या खाली आल्यावर धक्का नाहीसा होत असेल तर गिअरबॉक्स उघडण्याचे कारण नाही.

चौथा वर्ग गिअर उशिरा बदलण्याचा, किंवा सर्वांत वरचा गिअर न लागण्याचा. त्याचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट आहे.

४. दोष आणि योजना

गिअरबॉक्सचे नियंत्रण संगणकाकडे आल्यापासून अनेक गाड्यांत थंड असताना गिअर मुद्दामच उशिरा बदलले जातात. इंजिन आणि धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक लवकर तापावा, हा त्यातील हेतू असतो. त्याचप्रमाणे टॉर्क कन्व्हर्टरचे दोन्ही भाग यांत्रिक रीतीने जोडणारा लॉक-अप क्लच तेल काही मर्यादेपर्यंत तापल्याखेरीज लावलाच जात नाही. चालकाला हे ‘गाडी जड चालते’, ‘वरचा गिअर घेत नाही’ असे जाणवते. दोन-चार किलोमीटरनंतर ही वागणूक आपोआप थांबत असेल तर ती योजना होय.

तथापि पंधरा-वीस मिनिटे चालवूनही ती थांबली नाही, तर संगणकाला गाडी अजून थंडच आहे असे वाटत आहे, असा तर्क करावा. हे वाटणे खरेही असू शकते आणि खोटेही. इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडाच अडकून राहिला असेल तर इंजिन खरोखरच तापत नाही. याची खूण अशी की, तापमानाचा काटा खालीच रेंगाळतो आणि हीटरची हवा कोमट येते. उलट इंजिन नीट तापले असून गिअरबॉक्समधील तापमान-संवेदक चुकीची माहिती देत असेल, तर हे वाटणे खोटे ठरते. अमेरिकेत १९९६ सालापासून मोटारींना सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ पद्धतीत ह्या दोन्हींसाठी वेगवेगळे संकेतांक आहेत : थर्मोस्टॅटसाठी पी ०१२८, आणि तेलाच्या तापमान-संवेदकासाठी पी ०७१० ते पी ०७१४. स्कॅनर लावणे हे काही मिनिटांचे काम आहे. ते न करता गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे ताप न मोजता शस्त्रक्रिया करणे होय.

५. परिस्थिती बदलून पाहण्याची पद्धती

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्या निदानपद्धतीत काही परिचित गोष्टी दिसतील. एखाद्या भाषेत दोन ध्वनी भिन्न मानावेत की नाहीत, हे ठरवताना आपण ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांसारखी जोडी शोधतो. तिच्यात एकाच जागी फरक असतो आणि बाकी सर्व समान असते. म्हणून अर्थातील फरकाचे श्रेय त्या एकाच जागेला देता येते. दोषनिदानातही हेच तत्त्व उपयोगी पडते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्यात.

उदाहरणार्थ : तेल थंड आणि कन्व्हर्टर रिकामा, ही पहिली अवस्था, तेल थंड परंतु कन्व्हर्टर भरलेला, ही दुसरी. न्यूट्रलमधील एक मिनिट ह्या दोहोंत नेमका एकच फरक घडवून आणते. तेल थंड व इंजिनाच्या फेऱ्या जास्त. तेल थंड व फेऱ्या कमी, ही दुसरी जोडी. ‘डी’ आणि ‘आर’ ही तिसरी. दोष केवळ एकाच गिअरमध्ये येत असेल, तर सर्व गिअरांना सामाईक असलेले पंप, गाळणी आणि तेलाची पातळी यांच्यावरील संशय कमी होतो. मात्र तो पूर्णपणे जात नाही, कारण ‘आर’साठी पुष्कळ गिअरबॉक्समध्ये अधिक दाब लागतो आणि त्यामुळे सर्वसाधारण उणीवही तेथे प्रथम दिसू शकते. आणि अखेरची जोडी, थंड व गरम. थंड असताना दिसणारा आणि गरम होताच जाणारा दोष सील, चिकटलेल्या झडपा, घट्ट तेल यांच्याकडे बोट दाखवतो. थंड असताना नसलेला व गरम झाल्यावर उद्भवणारा दोष पातळ तेल झिजलेल्या जागांतून निसटत असल्याचे सुचवतो.

तेलाची पातळी पाहताना उत्पादकाची रीत काटेकोरपणे पाळावी. तेल पाहण्याची पट्टी असलेल्या बहुतेक गाड्यांत सपाट जागी, तेल गरम व इंजिन चालू असताना, दांडी सर्व स्थानांतून फिरवून ‘पी’वर आणून पातळी पाहतात; काही उत्पादकांच्या, उदाहरणार्थ होंडाच्या, गाड्यांत इंजिन बंद करून पाहतात. पट्टी नसलेल्या गाड्यांत तेल ठराविक तापमानाला असताना खालचा बूच उघडून पातळी ठरवावी लागते. तेल कमी असणे जसे वाईट तसे जास्त असणेही. दोन्ही स्थितींत त्यात हवा मिसळून फेस होतो. आणि लाल दिसणारे प्रत्येक तेल एकच नसते, हेही ध्यानात ठेवावे.

६. तक्रारीची भाषा

आता वर्णनाकडे वळू. ‘गिअर पडत नाही’ ह्या मराठी वाक्यातील क्रियारूप रीतिवाचक आहे. त्याचा अर्थ ‘कधीच पडत नाही’ असा होतो, ‘नेहमी नीट पडत नाही’ असाही होतो, आणि बोलणारा पुष्कळदा ‘आज सकाळी एकदा पडला नाही’ एवढेच सांगू इच्छितो. ह्या तीन अर्थांची तीन निदाने होतात. ‘गाडी उचल खात नाही’ हेही असेच संदिग्ध वाक्य. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मागे राहते, की आवाजही चढत नाही? पहिल्या स्थितीत क्लच घसरतो. दुसरीत दोष बहुधा इंजिनाकडे असतो.

मराठीत याला पूरक असे नेमके शब्दही आहेत. ते वापरले पाहिजेत. गिअर लागताना एकदाच बसतो तो धक्का. गाडी पुढे जाताना पुन्हापुन्हा बसतात ते गचके. आणि ठराविक वेगाला सर्व गाडीत बारीक कंप जाणवतो ती थरथर. शेवटची बहुधा लॉक-अप क्लचची असते. हा भेद करणारा चालक मिस्त्रीचे अर्धे काम करतो.

प्रस्तुत लेखकाला हा धडा स्वतःच्या गाडीने दिला. जुनी घेतलेली गाडी एका जानेवारीत सकाळी मागे घेताना ‘आर’ लागेना. म्हणून पाय ॲक्सिलरेटरवर गेला. तीन-चार सेकंदांनी गिअर एकदम लागला आणि गाडी फाटकाच्या खांबावर आदळली. त्या जागी नेहमी शेजारची मुले शाळेच्या गाडीची वाट पाहत उभी असत. त्या दिवशी सुट्टी होती, एवढेच. गॅरेजमध्ये मी ‘गाडी मागे जात नाही’ असे सांगितले. हे वाक्य चुकीचे होते. गाडी मागे जात होती. उशिरा जात होती, तीही फक्त सकाळी आणि फक्त पहिल्यांदा. माझ्या वाक्याला अनुरूप असाच सल्ला मिळाला : गिअरबॉक्स बदला. दुसऱ्या एका मिस्त्रीने मात्र ‘कधी? किती वेळाने? दुसऱ्यांदा टाकल्यावर काय होते?’ असे तीन प्रश्न विचारले, गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी स्वतः चालू केली. तेल कमी होते. तेल थंड करणाऱ्या नळीच्या जोडापाशी ते पाझरत होते. जोड बदलून पातळी भरल्यावर तक्रार राहिली नाही. पहिल्या सल्लागाराला दोष देणे न्याय्य होणार नाही. त्याने माझ्या शब्दांवर विश्वास ठेवला होता.

७. व्यवहारासाठी काही सूचना

थंड गाडीत गिअर लागण्याची वाट पाहताना पाय ब्रेकवरच ठेवावा. ॲक्सिलरेटर दाबू नये. विलंबाने लागणारा गिअर इंजिनाच्या चढलेल्या वेगावर आवळला गेला तर क्लच जळतो आणि गाडी उसळते. समोर अथवा मागे मनुष्य असेल तर परिणाम सांगावयास नको. थंडीत गाडी तापवण्यासाठी बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक आहे. ब्रेक दाबून इंजिन पूर्ण वेगाने चालवण्याची ‘स्टॉल’ चाचणी थंड गिअरबॉक्सवर करू नये, आणि गरम असतानाही जाणकाराने पाच सेकंदांपलीकडे नेऊ नये.

गॅरेजला जाण्यापूर्वी चार गोष्टी लिहून काढाव्यात : गाडी किती तास बंद होती, कोणत्या गिअरमध्ये काय झाले, किती सेकंदांनी अथवा किती किलोमीटरनंतर ते थांबले, आणि त्याच दिवशी पुन्हा झाले की नाही. शक्य असल्यास गाडी आदल्या सायंकाळी नेऊन ठेवावी आणि सकाळी मिस्त्रीलाच प्रथम चालू करू द्यावी. म्हणजे वर्णनाबरोबर दोषही त्याच्यापर्यंत पोहोचेल.

तांत्रिक परिभाषा घडवताना आपण विशेषतः वस्तूंना नावे देण्याचा विचार करतो. वस्तूंच्या नावांइतकीच, किंबहुना अधिक, गरज यंत्राची वागणूक नेमकेपणाने सांगणाऱ्या क्रियापदांची व क्रियाविशेषणांची असते. असे शब्द गॅरेजमधील बोलीत आहेत. ते गोळा करून त्यांचे अर्थ निश्चित करण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहे.